घोंगडं

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली. आज पहाटे दार उघडलं आणि सोप्याची शहाबादी तळपायाला झोंबली. आली म्हणायची थंडी. आठ-दहा दिवसांमागं रात्री पंखा लागत होता.

मोबाईलवर सोलापूर १६ अंश दाखवत होतं, पण ते शहराचं. वस्तीवर त्याहून गार असतं. आभाळ भरलेलं असतं तोवर दिवसाची ऊब रात्रीही रानावरच राहते. आभाळ निवळलं की जमीन सगळी ऊब सोडून देते, आणि गार हवा उतारानं येऊन ओढ्याकाठी साचते. आमचा गोठा नेमका तिथं. पाणी जवळ म्हणून आप्पांनी तिथं बांधला, आणि मग दर थंडीत त्याच गोष्टीची हळहळ केली.

चरवी घेऊन गोठ्यात गेले, तर परवा जन्मलेल्या वासराच्या अंगावर आप्पांचं घोंगडं.

मी आईवर ओरडले. काय बोलले ते लिहीत नाही. ती शेण भरत होती, वरही बघितलं नाही. म्हणाली, "वासरू कापत हुतं. आन् पेटीत ठिवून त्याला कसर लागायली हुती."

कसर लागली होती हे खरं. डांबरगोळ्या मीच घातल्या होत्या, दिवाळीला बदलायला विसरले. पण राग त्याचा नव्हता. तेव्हापासून हेच उकरत बसले आहे की राग नेमका कशाचा होता.

घोंगडं हुलजंतीच्या यात्रेतून आणलेलं. काळ्या मेंढीच्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं. नवं होतं तेव्हा घडी घातली की पुठ्ठ्यासारखं उभं राहायचं. पावसाचं पाणी वरच्यावर ओघळून जायचं, आत यायचं नाही. लहानपणी ते अंगाला टोचतं म्हणून मी रडायचे, मग मला आईची वाकळ मिळायची. पाहुण्यांना सोलापुरी चादर, आम्हाला वाकळ, घोंगडं फक्त आप्पांचं. रानाला रात्रीची लाईट असायची त्या आठवड्यात ते खांद्यावर टाकून मोटर चालू करायला जायचे, पिकाला पाण्याची दारं धरून पहाटे परत यायचे. अंगणात घोंगडं झटकायचे तेव्हा दंव उडायचं. त्या झटकण्याच्या आवाजानं मला जाग यायची. आता तो आठवडा दादाच्या वाट्याला आलाय, आणि दादा जर्किन घालतो. जर्किनचा आवाज होत नाही.

पुण्याचा फोन अजूनही आला नाही. ते असू दे.

मला वाटतं, मला कुणी विचारलं नाही ह्याचा राग आला. ह्या घरात मला काही विचारायची रीत आता उरलेली नाही. गाय व्याली ते मला खरवस ताटात आला तेव्हा कळलं. मी इथं आहे, भाकरी थापते, धार काढते, पण मला विचारावं असं माझं इथं काय आहे? एक घोंगडं होतं. कुणी दिलं नव्हतं, मीच आपलं समजून पेटीत ठेवलं होतं. हे लिहिताना पुन्हा डोळे भरून आले, म्हणून वही मिटली आणि रानात गेले.

हस्तात पेरलेली ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीय. नऊ वाजले तरी पानांच्या बेचक्यात दंव होतं. मालदांडीला हीच थंडी लागते. रब्बीची ज्वारी पावसावर थोडीच येते? काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि ह्या थंडीवर ती उभी राहते. ढगाळ राहिलं की मावा पडतो, पानं चिकट होतात. आज आभाळ असं लख्ख होतं की पान न् पान मोकळं दिसत होतं. हरभरा अजून लहान आहे. फुलाघाट्यात आला की रात्री त्याच्यावर धडपं टाकायचं आणि पहाटे पिळून आंब धरायची. पोटात दुखलं की आप्पा तीच द्यायचे, जीभ सोलून निघेल इतकी आंबट. गेल्या वर्षी कुणी धरली नाही. यंदा मी धरणार आहे.

विहिरीवर हात धुतले. पाणी कोमट. थंडीत हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी मला ते नवं वाटतं.

परत आले तोवर ऊन चढलं होतं. वासरू उन्हात बांधलेलं, घोंगडं बाभळीवर वाळत टाकलेलं. एका कोपऱ्याला शेण, दुसरा कोपरा वासरानं चोखून चोखून ओला केलेला. उचलून घडी घालावी आणि मुकाट्यानं पेटीत ठेवावी म्हणून ओढून घेतलं. नाकाशी आलं तेव्हा थांबले.

पेटी उघडून मी कितीदा तरी त्याचा वास घेतला होता. डांबरगोळ्यांशिवाय काही नव्हतं. दर वेळी वाटायचं, आहे अजून थोडा, आत घडीत असेल. आज त्याला गोठ्याचा वास होता. शेणाचा, दुधाचा, ओल्या कडब्याचा. आप्पा अंगणातून आत यायचे तेव्हा हाच वास यायचा, आणि वर विडीचा. विडीचा तेवढा नाही.

बाभळीखाली बराच वेळ उभी राहिले. आई चुलीपुढनं बघत होती. काही बोलली नाही, मीही नाही. जेवताना माझ्या ताटात तिनं शेंगाचटणी जास्त वाढली, तेल घालून. आमच्या घरात भांडण असंच मिटतं.

राग पुरता गेलाय असं नाही. विचारायला हवं होतं तिनं, एवढं मला अजूनही वाटतं. पण विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि वासरू रात्रभर कापत राहिलं असतं. तिला ते ठाऊक होतं.

आत्ता रात्रीचे दहा. लाईट आली. दादा मोटर चालू करायला निघाला, दारातून म्हणाला, "लई गार सुटलंय, आप्पाचं घोंगडं दे गं." मी म्हटलं, ते वासराच्या अंगावर हाय, चादर ने. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग चादर डोक्यावरून घेऊन गेला.

घोंगडं संध्याकाळी मीच टाकलं. घसरू नये म्हणून पोटाखालून सुतळी बांधली, सैल. वासरानं लगेच कोपरा तोंडात धरला.

दादा पहाटे येईल. त्याआधी एकदा गोठ्यात जाऊन बघायचंय.