मूळ प्रत कुणाकडे जाते?

पेशीविभाजन शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो: 'सर, एका पेशीच्या दोन झाल्या की डीएनएची मूळ प्रत कुणाकडे जाते आणि झेरॉक्स कुणाकडे?' आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. दोघींकडे अर्धी-अर्धी.

डीएनए चार घटकांचा बनतो, त्यांची अक्षरं ए, टी, जी, सी. मी फळ्यावर ए टी जी सी जी लिहितो आणि कुणाला तरी समोरची ओळ लिहायला लावतो. ए समोर टी, जी समोर सी, एवढा एकच नियम. टी ए सी जी सी हे उत्तर लगेच येतं. डीएनएचे एकमेकांभोवती पिळलेले दोन धागे नेमके असेच असतात. एक हाती आला की दुसरा न बघता लिहिता येतो. हेलिकेज नावाचं एन्झाइम धागे सोडवत जातं, पॉलिमरेज नावाचं दुसरं एन्झाइम प्रत्येक जुन्या धाग्यासमोर नवा विणतं. (पॉलिमरेज एकाच दिशेनं चालतं आणि दोन्ही धागे तर एकमेकांच्या उलट दिशेनं. म्हणून दुसरा धागा तुकड्यातुकड्यांनी विणून मग सांधावा लागतो. मला हा खटाटोप फार आवडतो.)

वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना मांडली तेव्हा 'अर्धं जुनं, अर्धं नवं' हा अंदाजच होता. मेसेल्सन आणि स्टाल यांनी तो तपासला आणि १९५८ मध्ये निकाल छापला. जिवाणू जड नायट्रोजनवर (नायट्रोजनच, पण वजनदार अणूंचा) पिढ्यानपिढ्या वाढवले, म्हणजे त्यांचा डीएनए जड झाला. मग साध्या नायट्रोजनवर आणले, म्हणजे नवा धागा हलका. डीएनए द्रावणात घालून तासन्तास गरागरा फिरवला की आपापल्या घनतेप्रमाणे पट्टा धरतो. मूळ प्रत आणि झेरॉक्स वेगळ्या असत्या तर पहिल्याच पिढीत दोन पट्टे दिसले असते, एक जड, एक हलका. दिसला एकच, बरोबर मधोमध. पुढच्या पिढीत निम्मा मधला, निम्मा हलका.

यावर एकीनं विचारलं होतं, 'मग माझे अगदी पहिले धागे आता कुठे आहेत?' आम्ही फळ्यावरच हिशेब केला. पहिल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, प्रत्येकात दोन, म्हणजे ९२ धागे. धागा मधेच तुटला नाही असं धरलं, तर प्रत्येक विभाजनात तो कुठल्या तरी एकाच पेशीत जातो. म्हणजे अब्जावधी पेशींपैकी जास्तीत जास्त ९२ पेशींत. त्यातल्या काही तर नाळ आणि वार यांच्याबरोबर जन्माच्या वेळीच निघून गेल्या असतील. ती बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघत बसली होती.