चुकीची लोकल, बरोबर टाईम

मागच्या आठवड्यात माझ्या फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जनच्या (खडकांमधून येणाऱ्या लाटांवरून जमिनीखालचं चित्र काढायची पद्धत) रनचा एरर काय मस्त खाली आला, ग्राफ बघून लॅबमध्ये सगळ्यांना कटिंग पाजला आणि मग वेलोसिटी मॉडेल (कुठल्या खडकात लाट किती वेगाने जाते त्याचा नकाशा) उघडून बघतो तर जिथे बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा फास्ट खडक पाहिजे तिथे भलताच स्लो डाग. चहाचे पैसे गेले ते गेलेच.

झालं होतं सायकल स्किपिंग. पेपर वाचून जेवढं कळलं नव्हतं तेवढं डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर कळलं. समजा दर ४ मिनिटांनी लोकल आहे. तुमची १ मिनिट लेट आली तर कळतं की ही आपलीच, पण ३ मिनिटं लेट आली की वाटतं ही आपल्यानंतरची गाडी, १ मिनिट आधीच आली वाटतं! कोड पण हेच करतो. खडकांमधल्या वेगाचा अंदाज धरायचा, त्यातून लाटा सोडून बघायच्या, रेकॉर्ड झालेल्या लाटांशी ताडायचं आणि फरक कमी होईल तसा वेग बदलत जायचं. आता ५ हर्ट्झला एक सायकल २०० मिलीसेकंदांची, म्हणजे सुरुवातीचा अंदाज १०० च्या, म्हणजे अर्ध्या सायकलच्या आत चुकला तर ठीक, नाहीतर तो शेजारचीच लाट पकडतो आणि उलट्या दिशेला पळतो. एरर मात्र छान कमी होत राहतो, हा खरा वैताग.

यावर उपाय जुनाच आहे, कमी फ्रिक्वेन्सीपासून सुरू करा, तिथे सायकल लांब असते. तुतारी एक्सप्रेस दिवसातून एकदाच, ती ३ तास लेट झाली तरी कोणी दुसरी समजेल का? पण खऱ्या समुद्रात एअरगनला (दाबलेली हवा सोडून लाटा तयार करणारं यंत्र) ३-४ हर्ट्झच्या खाली फारसा जोरच नसतो, त्यात समुद्राच्या लाटांचा नॉइज. मुंबई हायचं तेल १९७४ ला मिळालं ते मुख्यतः चुनखडीत, बेसॉल्टच्या वर, ते एक बरं. बेसॉल्टखालचं बघायचं म्हटलं की डोकं उठतं, कारण बरीचशी एनर्जी वरूनच परत येते आणि आत शिरते ती लाव्हाच्या थराथरांत विखुरते (अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर त्याच लाव्हाचा तो तुकडा, ६ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा).

माझा डेटा सिंथेटिक, म्हणजे कॉम्प्युटरवरच बनवलेला, त्यामुळे २ हर्ट्झ फुकटात मिळतं. काल तिथूनच नवीन रन लावलाय, सुरुवातीचं मॉडेल पण जरा फास्ट केलंय, सध्या क्लस्टरच्या रांगेत ११ वा नंबर आहे.