लिस्बनमध्ये भेटलेली वसई

वसईत वाढलेल्या बहुतेक मुलांप्रमाणे माझ्याही लहानपणाच्या कितीतरी दुपारी किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमध्ये गेल्या. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातील अंधारा गोल जिना चाचपडत चढायचा, वरून खाडी आणि समुद्र पाहायचा, मग फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर लंगडी खेळायची आणि त्यांवर कोरलेली न कळणारी अक्षरे बोटाने गिरवायची, हा ताईचा आणि माझा नेहमीचा कार्यक्रम होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, हा इतिहास आम्हाला तोंडपाठ होता. परंतु छप्पर उडालेल्या, कमानींतून पिंपळ फुटलेल्या या इमारती नांदत्या असताना कशा दिसत असतील, याचे चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नसे. चाळीस वर्षे मनात राहिलेले हे कुतूहल घेऊनच आम्ही दोघी बहिणी एका जून महिन्यात दहा दिवसांसाठी पोर्तुगालला गेलो.

लिस्बनमध्ये आम्ही आल्फामा या जुन्या वस्तीत खोली घेतली होती. १७५५ च्या भूकंपातून हा भाग बराचसा वाचला, त्यामुळे त्याच्या अरुंद, चढउताराच्या गल्ल्या अजून जुन्याच वळणाच्या आहेत. दोन घरांच्या मध्ये दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, उंबऱ्याशी खुर्ची टाकून म्हाताऱ्या बायका गप्पा मारत बसलेल्या असतात आणि गल्लीच्या टोकाला अचानक तेजू नदीचे विशाल पात्र समोर येते. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. पायी फिरणाऱ्याला हा मोठाच लाभ आहे. मात्र लिस्बनच्या पदपथांवर चुनखडीचे आणि बसाल्टचे लहान लहान चौकोनी दगड हाताने बसवलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या वापराने ते इतके गुळगुळीत झालेले आहेत की उतारावर पाय सहज घसरतो. चांगली पकड असलेले बूट नेणे तेथे अत्यावश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बेलें येथील जेरोनिमुश मठ पाहायला गेलो. राजा मानुएलच्या काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले हे बांधकाम पूर्ण व्हायला सुमारे शंभर वर्षे लागली आणि त्याचा खर्च मोठ्या प्रमाणात पूर्वेकडील व आफ्रिकेकडील व्यापारावर बसवलेल्या सुमारे ५ टक्के करातून भागवला गेला. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या मिरीचा पैसा या दगडांत आहे. चर्चमधील सडपातळ खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे छताला फुटतात. शेजारच्या दुमजली चौकातील प्रत्येक कमानीवर जहाजांचे दोरखंड, गाठी आणि वेली दगडात कोरलेल्या आहेत. एका खांबावरचा दोरखंड मी अगदी जवळून पाहिला. त्याचा पीळ इतका खरा होता की एखाद्या कोळ्याने आत्ताच तो आवळून बांधला असावा.

आत शिरल्यावर लगेचच वास्को द गामाची समाधी आहे आणि तिच्या समोरच्या बाजूस कवी कामोंइश याची. १५२४ साली गामा कोचीत मरण पावला, तेथेच त्याला प्रथम पुरले गेले आणि १५३९ मध्ये त्याच्या अस्थी पोर्तुगालला आणण्यात आल्या. दगडात कोरलेला गामा हात जोडून शांत पहुडलेला आहे. मला मात्र तेथे हात जोडावेसे वाटले नाहीत. याच माणसाने १५०२ साली मलबार किनाऱ्याजवळ हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले होते, आणि ती आठवण त्या देखण्या दगडाने पुसली जात नाही. कारागिरीचे कौतुक आणि त्या माणसाविषयीचा राग, दोन्ही बरोबर घेऊनच मी बाहेर पडले.

मठापासून दोन-चार मिनिटांच्या अंतरावर १८३७ पासून चालू असलेले कस्टर्डच्या पाश्तैलचे, म्हणजे कस्टर्ड भरून भाजलेल्या छोट्या गोड वाट्यांचे, प्रसिद्ध दुकान आहे. १८३४ मध्ये पोर्तुगालमधील मठ सरकारने बंद केले आणि मठातली ही कृती बाहेरच्या दुकानात आली, असे सांगतात. मठांमध्ये कपड्यांना खळ करण्यासाठी अंड्यांचा पांढरा भाग वापरीत आणि उरलेल्या पिवळ्या बलकांचे गोड पदार्थ होत, ही तेथील सर्वमान्य कथा आहे. अंडे चालत असल्यामुळे ताईलाही ते खाता आले. पातळ, पापुद्र्यांची वाटी दाताखाली चुरचुरते, आतील कस्टर्ड कोमट असते आणि त्याच्या वरच्या थरावर भट्टीच्या प्रखर आचेने काळे-तपकिरी डाग उमटलेले असतात. वरून पिठीसाखर आणि दालचिनीची पूड आपल्या हाताने भुरभुरायची असते. ताईने दालचिनी जरा जास्तच घातली, डोळे मिटून घास खाल्ला आणि म्हणाली, "अगं, वास तर आपल्याच मसाल्याच्या डब्याचा आहे."

खाण्याच्या बाबतीत लिस्बनने मला सर्वांत जास्त जवळचे वाटायला लावले ते रुआ दु आर्सेनाल या रस्त्यावर. नदीजवळच्या या रस्त्यावर बाकाल्याव म्हणजे खारवून वाळवलेल्या कॉड माशाची जुनी दुकाने आहेत. पंख्याच्या आकाराचे, लाकडाच्या फळीसारखे कडक मासे गठ्ठ्यांनी रचून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक सांगेल त्या जाडीचा तुकडा दुकानदार पात्याने कापून देतो. दुकानापासून दहा पावलांवर असतानाच तो वास आला आणि मी जागच्या जागी थांबले, कारण तो थेट आमच्याकडच्या सुक्या मासळीच्या बाजाराचा वास होता. नवल असे की हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. पूर्वी तो न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातून येई, आता मुख्यतः नॉर्वेहून येतो, आणि तरीही तो या देशाचा घरचा पदार्थ झालेला आहे. एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवल्याशिवाय तो शिजवता येत नाही. मी खाल्लेल्या बाकाल्याव आ ब्राश या प्रकारात माशाचे धागे, कांदा, काडीसारखा तळलेला बटाटा आणि अंडे एकत्र परतलेले होते, वर काळी ऑलिव्ह आणि पार्स्ली. पहिल्याच घासाला आमच्या आईच्या सुक्या बोंबलाची आठवण झाली.

ताई शाकाहारी असल्याने तिच्यासाठी आम्ही काल्दु व्हेर्द हे सूप शोधले. बटाटा शिजवून, घोटून त्यात केसासारखी बारीक चिरलेली हिरवी पाने घालतात. मात्र वर डुकराच्या मांसाच्या सॉसेजची एक चकती ठेवण्याची पद्धत आहे. ते न घालण्याविषयी आधीच सांगावे लागते आणि रस्सा मांसाचा नाही ना, हेही विचारून घ्यावे लागते. मंडईत एक बाई हात-यंत्रावर ती पाने कापत होती. नाव विचारल्यावर ती म्हणाली, "कोव्ह." आपला कोबी हा शब्द इथला, फक्त इथल्या पानांचा गड्डा होत नाही. त्यानंतर ताईला छंदच जडला. बटाटा तेथेही बाताता, अननस अननाश, काजू काजू, साबण साबांव, चावी शाव्ह, आणि हार्डवेअरच्या दुकानात दाराची बिजागरी विझाग्रा निघाली. पावाला मात्र ते पांव म्हणत असले तरी त्यांचा पाव जाड, कडक कवचाचा असतो. आमच्या पाववाल्याच्या मऊ लादीशी त्याचे नाते नावापुरतेच राहिले आहे. एक व्यावहारिक गोष्ट सांगून ठेवते. उपाहारगृहात बसताच न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, चीज टेबलावर येते आणि खाल्ल्यास त्याचे पैसे बिलात लागतात. नको असल्यास तसे सांगून परत पाठवावे, त्यात कोणालाही काही गैर वाटत नाही.

आमचा मुक्काम १२ जूनच्या रात्री आल्फामात असावा, अशी तारखांची आखणी आम्ही मुद्दाम केली होती. १३ जून हा संत अँथनीचा सण. हा संत लिस्बनमध्येच जन्मला आणि वसई किल्ल्यातील आमचे लंगडीचे फ्रान्सिस्कन चर्चही त्याच्याच नावाचे. सणाच्या आदल्या रात्री सगळ्या गल्ल्यांवर रंगीत कागदी पताका असतात आणि दारोदारी शेगड्या पेटतात. शेगडीवर मासे भाजणाऱ्या आमच्या घरमालकीणबाईंच्या शेजारी मी बराच वेळ उभी राहिले. तारलीच्या जातीचे ते मासे न साफ करता, फक्त जाडे मीठ लावून जाळीवर ओळीने मांडलेले होते. हळद नाही, तिखट नाही, चिंच-कोकम काही नाही. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की धूर उसळे आणि बाई पुठ्ठ्याने वारा घालीत. भाजलेला मासा पावाच्या जाड कापावर ठेवून हातात देतात. मासा बोटांनी सोलून खाल्ल्यावर त्याच्या तेलामिठाने भिजलेला पाव शेवटी उरतो आणि माझ्या मते खरी चव त्यातच आहे.

या सणाला प्रियजनांना मांझरिकु देण्याची रीत आहे. ते बारीक पानांच्या, चेंडूसारख्या गोल तुळशीचे छोटे रोप असते आणि त्यात कागदी फूल व चार ओळींची कविता लिहिलेली झेंडी खोवलेली असते. ताई वास घ्यायला वाकली तेव्हा घरमालकीणबाईंनी हलकेच तिला थांबवले. नाक लावायचे नाही, तळवा पानांवरून अलगद फिरवायचा आणि तळव्याचा वास घ्यायचा. तुळशीला रोज पाणी घालणाऱ्या ताईला ही अदब इतकी पटली की पुढचे सर्व दिवस ती खोलीतून निघताना तसाच हात फिरवून निघे.

लिस्बनच्या राष्ट्रीय टाइल्स संग्रहालयात निळ्या-पांढऱ्या टाइल्सचा सुमारे २३ मीटर लांबीचा एक पट आहे, ज्यात भूकंपापूर्वीच्या शहराचा सगळा नदीकाठ रंगवलेला आहे. मठ, राजवाडे, गोद्या, होड्या, सारे काही त्यात आहे. पट पाहून आम्ही शहरात परतलो आणि कार्मु मठ पाहायला टेकडी चढलो. सेनापती नुनु आल्व्हारिश पिरैरा याने १३८९ मध्ये स्थापन केलेला हा मठ. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. वेदींवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि नदीकडे धावलेल्या लोकांवर समुद्राच्या लाटा आल्या. पुढे मंत्री मार्केश द पॉम्बल याच्या कारभारात खालचा बायशा भाग सरळ, रुंद रस्त्यांनी नव्याने उभा राहिला आणि घरांच्या भिंतींत भूकंपाचे हादरे सोसणारे लाकडी सांगाडे घालण्यात आले. कार्मुची पुनर्बांधणी मात्र अर्धवटच राहिली.

दारातून आत पाऊल टाकले आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यांवरून निघून आकाशात एकमेकींना टेकणाऱ्या निमुळत्या कमानी, आणि त्यांच्या वर काहीही नाही, फक्त निळे आकाश. खाली हिरवळ होती आणि भिंतीच्या फटींतून गवत डोकावत होते. "किल्ल्यात आल्यासारखं वाटतंय गं," ताई हळूच म्हणाली. बेलेंच्या धडधाकट, झगमगत्या चर्चमध्ये मी वसई शोधत होते आणि ती सापडली नव्हती. ती येथे सापडली. वसईची चर्चे ओस पडली ती १७३९ च्या लढाईनंतर, आणि कार्मुचे छप्पर कोसळले ते १७५५ मध्ये. मध्ये फक्त सोळा वर्षे. पोर्तुगीज राज्याच्या दोन टोकांना, एकीकडे तोफांनी आणि दुसरीकडे जमिनीने, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत हे झाले होते. वसईच्या चर्चमधील घंटा मराठे घेऊन गेले आणि त्यांतली एक नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरावर आजही आहे, हे मी ताईला तेथल्या एका दगडावर बसून पुन्हा सांगितले. आम्ही तेथे दीड तास बसलो असू.

१८६४ पासून या वास्तूत पुराणवस्तूंचे संग्रहालय आहे. तेथील थडग्यांच्या शिळा पाहताना मी माझ्या भ्रमणध्वनीतील वसईच्या शिळांची छायाचित्रे एका कर्मचारी बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती मोठी करून पाहिली आणि मला एकेक शब्द दाखवला. सेपुल्तुरा म्हणजे थडगे, पुष्कळदा दगडावर जागा वाचवण्यासाठी तो एक-दोन अक्षरांतच आटोपतात. आणि शेवटी येणारे ए द सेउश एर्देइरुश, म्हणजे "आणि त्याच्या वारसांचे". शब्द कुठे तोडायचा हे कारागीर आपल्या मर्जीने ठरवी, म्हणून वाचताना घाई करू नये, असेही त्यांनी बजावले.

त्यानंतर आगगाडीने सुमारे तीन तासांत पोर्तो गाठले. तेथील साव बेंतु रेल्वे स्थानकाच्या दालनात झॉर्झ कुलासु याने रंगवलेल्या सुमारे २०,००० टाइल्स आहेत आणि दोन मजली लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून दोरू नदीचे दृश्य अतिशय सुंदर दिसते. पण आमचे मन लिस्बनमध्येच गुंतले होते, त्यामुळे पोर्तोला मी न्याय देऊ शकणार नाही. तेथे निवांत पुन्हा जायचे आहे.

मांझरिकुचे रोप विमानातून आणणे शक्य नव्हते, म्हणून ताईने ते निघण्याच्या सकाळी घरमालकीणबाईंच्या खिडकीत ठेवले.

परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वसईत पाऊस कोसळत होता. दुपारी थोडी उघडीप मिळताच आम्ही दोघी किल्ल्यात गेलो. फ्रान्सिस्कन चर्चच्या शिळांवर शेवाळ धरले होते. ताईने बाटलीतले पाणी ओतले, मी हाताने शेवाळ बाजूला सारले आणि ज्या शिळेवरून आमची लंगडी सुरू होत असे तिच्यावर वाकून आम्ही एकेक अक्षर जुळवू लागलो. माणसाचे नाव झिजून गेले होते. खालची ओळ मात्र पाण्याने ओली होताच स्पष्ट दिसली, आणि ताईने ती मोठ्याने वाचली: "ए द सेउश एर्देइरुश."