मेक्सिकोच्या खेड्यात राहायचंय? आधी गच्चीवर जा

मुंबईहून मेक्सिकोतल्या एखाद्या खेड्यात काही महिने राहायला जाणाऱ्याने स्वयंपाकघर नंतर बघावं, आधी गच्ची गाठावी. वर प्लॅस्टिकची काळी गोल टाकी दिसेल. तिला तिथे ‘तिनाको’ म्हणतात. घरगुती टाकी बरेचदा ११०० लिटरची असते. माणशी दिवसाला १०० लिटर धरले तर दोघांना पाच दिवस पुरते.

हा हिशेब करावाच लागतो, कारण पाणी पाळीने सुटतं. या पाळीला ‘तांदेओ’ म्हणतात. पाण्याची वेळ सांभाळणं मुंबईकराला नवीन नाही, पण आपल्याकडे पाणी पालिका सोडते आणि सोसायटीचा पंप वॉचमन लावतो. तिथल्या बऱ्याच गावांत विहीर, झरा, पाइपलाइन सगळं गावाची पाणी समितीच सांभाळते. घरटी वर्गणी असते, शिवाय चर खणायला, पाइप बदलायला श्रमदान. दक्षिणेतल्या ओआहाका राज्यात त्याला ‘तेकियो’ म्हणतात, मध्य मेक्सिकोत ‘फाएना’. गैरहजेरीला दंडही लागू शकतो. भाड्याने राहणार असाल तर आपल्या वाट्याला काय येतं, ते घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा.

आता टाकीच्या तळाशी बघा. पाणी खाली नेणाऱ्या पाइपाला सुरुवातीलाच एक टी (तीन तोंडांचा जोड) असतो आणि त्यातून एक बारीक पाइप टाकीच्या काठाच्याही वर गेलेला असतो, तोंड उघडं. हा ‘हार्रो दे आइरे’, म्हणजे हवेचा पाइप. काम अर्धवट राहिलंय असं वाटून त्याला टोपी लावू नका. टाकी रिकामी झाली की खालच्या पाइपांत हवा भरते. पाणी परत आलं की ती हवा इथून बाहेर पडते. हे तोंड बंद असेल तर नळ गुरगुरतात, थुंकल्यासारखं पाणी येतं आणि गरम पाण्याची लाइन तर ठप्पच होते. तसं झालंच तर घरातला सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा आणि धार सलग होईपर्यंत तसाच ठेवा.

दुसरी अडचण उंचीची. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. शॉवरपासून टाकी २ मीटर वर असेल तर दाब मिळतो जेमतेम ०.२. टाकी भरलेली असूनही गॅसचा इन्स्टंट गीझर पेटत नाही तो यामुळे. त्याचा बर्नर पाण्याच्या जोरावर सुरू होतो, आणि तेवढा जोरच नसतो. अशा घरात साठवणीचा बॉयलर बरा.

जमिनीखाली टाकी असेल तर पंप आला. पंप फिरतोय पण पाणी चढत नाही, अशा वेळी आधी फूट व्हॉल्व्हवर, म्हणजे पंपाच्या ओढपाइपाच्या खालच्या टोकाला असलेल्या, पाणी मागे उतरू न देणाऱ्या झडपेवर संशय घ्या. ‘पिचांचा’ म्हटलं की तिथल्या दुकानात बरोबर कळतं. त्याच्या झडपेत वाळूचा कण अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं, पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं. पंप बंद करा, वरचा प्लग काढून काठोकाठ पाणी भरा, प्लग घट्ट करा, मगच सुरू करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं तर पाइप वर काढून झडप धुवा. बसवताना तळापासून वीतभर वर ठेवा, नाहीतर गाळ ओढला जातो.

टाकीचं पाणी प्यायचं नाही. प्यायला २० लिटरचा ‘गार्राफोन’. बाटलीचे पैसे पहिल्यांदाच, पुढे रिकामी देऊन भरलेली घ्यायची.

वीज १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर चपट्या पिनांचा अडॅप्टर पुरतो. बाकी उपकरणं घरीच ठेवा. व्होल्टेज निम्म्याच्या आसपास आलं की हीटरची ताकद निम्मी होत नाही, त्याहून बरीच पडते: आपली १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम ४५० वॉट देते. मिक्सरही चटणीतच अडकतो. तिथलाच ब्लेंडर घ्या. (गिरणी मात्र गावात असते, आणि ती ओलं दळते. चुन्याच्या पाण्यात उकडून रात्रभर भिजवलेला मका सकाळी बादलीतून तिथे जातो.)

बिल दोन महिन्यांचं येतं. थंड हवेच्या भागातल्या घरगुती दरात १२ महिन्यांची सरासरी महिना २५० युनिटच्या वर गेली की सबसिडी जाते आणि ‘डाक’ नावाचा महागडा दर लागतो. उष्ण भागात मर्यादा जास्त असते. भाडेकरार करताना मागची बिलं बघून घ्या.

गॅस सिलिंडर २० किंवा ३० किलोचा, अंगणात उघड्यावर ठेवलेला. आपल्यासारखा खटकन बसणारा रेग्युलेटर नाही, पान्याने आवळायचा नट असतो आणि त्याचे आटे उलटे: घट्ट करायला डावीकडे, सोडवायला उजवीकडे. सवयीने फिरवाल तर सोडवताना आणखी आवळून आटे खराब कराल. आट्यांवर टेप गुंडाळण्यात अर्थ नाही, गॅस अडतो तो आतल्या गोल टोकाच्या बसणीवर. ते टोक पुसा, चरा पडलाय का बघा, नट आवळा, सिलिंडर हळूच उघडा आणि साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर सिलिंडर बंद करून पुन्हा आवळा. तरीही फुगतच राहिला तर तो जोड बदलायचा.