तुम्ही विचारलंत म्हणून: खाली हवा संपली तर?

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणी आलं आणि भिंतीवरचा पाठीला सिलिंडर बांधलेला माझा फोटो दिसला, की चहा येईपर्यंत हा प्रश्न येतोच. परवा मावशींनी विचारला. "बडोद्याची मुलगी तू, सुरसागरापलीकडे पाणी बघितलं नाहीस. एवढ्या खोल, बुडालेल्या जहाजापाशी हवा संपली तर?"

हवा संपल्यावर करण्यासारखं फारसं उरत नाही, मावशी. करायचं ते आदल्या रात्री वहीत करायचं. (मी नेते तो हेलियम मिसळलेला वायू, कारण साध्या हवेतल्या नायट्रोजनने तिथं गुंगी येते; पण तुमचा शब्द ठेवते.)

दर १० मीटरला दाब एका बारने वाढतो. वर १ बार, ५० मीटरवर ६. छाती तेवढीच भरते, पण तेवढ्या जागेत सहापट हवा मावते. मला वर मिनिटाला २० लिटर लागते, तिथं १२०. बारा लिटरच्या, २०० बारला भरलेल्या सिलिंडरात २४०० लिटर हवा असते. म्हणजे जेमतेम २० मिनिटं, वर यायचं न धरता. म्हणून पाठीला असे दोन जोडलेले, ४८०० लिटर.

श्रीलंकेत बट्टिकलोआजवळ 'हर्मिस' हे ब्रिटिश विमानवाहू जहाज ५० मीटरच्या जरा खाली पडलंय. ९ एप्रिल १९४२ ला जपानी विमानांनी ते बुडवलं, ३०७ माणसं गेली. त्यांची ती समाधीच, म्हणून मी आत शिरत नाही. पण बाहेरही मोकळीक नसते. प्रवाहात बोटीचा दोर हरवला तर वर येताना थांबे घ्यायला (अंगात विरघळलेला वायू हळूहळू निघावा म्हणून मध्ये थांबावं लागतं) आधार राहत नाही. दोर म्हणजे माझं दार.

पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्यांचा जुना नियम आहे: एक तृतीयांश जाताना, एक येताना, एक राखीव. बरेच जण तो जसाच्या तसा इथं लावतात. मला ते चूक वाटतं. दोराशी पोचलं तरी डोक्यावर ५० मीटर पाणी असतंच, त्याची हवा या तीन भागांत कुठे आहे? आमच्या आई कणीक भिजवताना येणाऱ्याजाणाऱ्याच्या दोन पोळ्यांची आधी धरायच्या, मग घरातली माणसं मोजायच्या. मी तसंच करते. आधी राखीव काढायची, उरलेल्याचे तीन भाग.

आणि राखीव दोघांची धरायची. जोडीदाराची हवा गेली, तो माझ्या नळीवर आला, दोघंही घाबरलेले, प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, खाली त्याच्या सहापट. तळाशी गोंधळ आवरायला दोन मिनिटं: ७२० लिटर. तिथून २१ मीटरपर्यंत, जिथं दुसरा, जास्त ऑक्सिजनचा सिलिंडर तोंडाला लावता येतो, तीन मिनिटं: साधारण ८२०. एकूण १५४०; दोन्ही सिलिंडर मिळून २४ लिटरचे, म्हणजे माझ्या दाबाच्या काट्यावर ६४ बार. ते बाजूला काढून उरलेल्याचा तिसरा भाग ४५ बार. म्हणजे १५५ ला परत फिरायचं. जायला फक्त नऊ मिनिटं! समोर विमानविरोधी तोफ दिसत असली तरी. जोडीदाराचे सिलिंडर लहान असतील तर त्याच्या हवेवरून आकडा काढायचा, माझ्या नाही.

ही राखीव एकदाच लागली. काटा १५० च्या सुमारास असताना, दोराकडे परतताना, जोडीदाराच्या झडपेतून वायू उसळायला लागला. थांबेना. त्याने गळ्यावरून हात फिरवला: हवा नाही. मी माझ्या तोंडातला, लांब नळीचा रेग्युलेटर काढून त्याला दिला आणि गळ्यातला दुसरा स्वतः घेतला. त्याचे डोळे अजून आठवतात. मी त्याचा पट्टा धरला आणि दोघं दोराने वर सरकलो. २१ मीटरला काटा ७० वर होता.

म्हणजे ६४ ऐवजी ८० बार गेले होते. बोटीवर अंग पुसायच्या आधी मी वही काढली. मी मिनिटाला ३० लिटरच्या आसपास घेत होते. तो मिनिटाला ४० लिटरच्या वर ओढत होता. त्यात त्याची काय चूक? माझा आकडा कमी होता.

आता मी दोघांचे प्रत्येकी ४० धरते. राखीव ८६ बार होते, आणि जायच्या नऊ मिनिटांची साडेसात.