अटलांटिकचा प्रवाह आणि आपली कपाशी

जळगाव-धुळ्याकडे हवामानावर कुठे बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो: “सर, अटलांटिकमधला तो मोठा प्रवाह बंद पडणार म्हणतात, पण शास्त्रज्ञांचेच त्यावर एकमत नाही, मग आम्ही काय समजायचे?” तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शास्त्रज्ञ ज्याला ‘एमॉक’ (AMOC) म्हणतात त्या या प्रवाहात उष्ण कटिबंधातले कोमट, खारे पाणी पृष्ठभागावरून उत्तरेकडे जाते, ग्रीनलंड-आइसलंडच्या आसपास थंड व जड होऊन खाली बुडते आणि खोलातून दक्षिणेकडे परत फिरते. सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी या फेऱ्यात असते. वितळत्या बर्फाचे गोडे पाणी त्यात मिसळले, तर बुडणे मंदावते. त्यामुळे उत्तरेकडे येणारे मीठ घटते आणि पाणी आणखी हलके होते. असा प्रवाह एका मर्यादेपलीकडे अचानक दुसऱ्याच स्थितीत जाऊ शकतो, हे हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखवले. (“गल्फ स्ट्रीम थांबणार” हा मथळा मात्र सरळ चुकीचा आहे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा तो प्रवाह मुख्यतः वाऱ्यावर आणि पृथ्वीच्या फिरण्यावर चालतो.)

पहिला वाद मोजमापाचा आहे. १९५७ ते २००४ या काळात प्रवाह ३० टक्क्यांनी घटला, असा निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो जहाजांनी केलेल्या अवघ्या पाच पाहण्यांवरून. गिरणेच्या पुलावर पन्नास वर्षांत पाच वेळा उभे राहून नदी आटली की नाही हे सांगण्यासारखेच ते होते. बहामापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रतळाला नांगरलेल्या दोरांवर उपकरणे बसवून २००४ पासून सलग नोंदी सुरू झाल्या, तेव्हा पहिल्याच वर्षात प्रवाह ४० लाखांपासून साडेतीन कोटी घनमीटरपर्यंत वरखाली होताना दिसला. म्हणजे पाच पाहण्यांतला फरक नुसत्या चढउतारात बुडून जाण्याजोगा होता.

त्याच मोजणीचा एक भाग फ्लोरिडा आणि बहामा यांच्यामधल्या टेलिफोनच्या जुन्या केबलच्या नोंदींवर आधारलेला आहे. खारे पाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहताना त्या केबलमध्ये अगदी क्षीण विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यावरून प्रवाह काढतात. पण चुंबकीय क्षेत्र स्वतःच सावकाश बदलत असते. ती दुरुस्ती धरून २०२४ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा फ्लोरिडाजवळचा प्रवाह चार दशके जवळपास स्थिर निघाला आणि २००४ नंतरची एकूण घटही आधी वाटली होती त्यापेक्षा कमी ठरली. शास्त्र असे चालते. त्याला घोळ म्हणणे मला पटत नाही.

आता भाकिताकडे. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांचे हवामानबदलावरील मंडळ) अहवालानुसार या शतकात प्रवाह कमजोर होण्याची शक्यता फार मोठी आहे. मात्र २१०० पूर्वी तो एकाएकी कोसळणार नाही, असे अहवालाने मध्यम खात्रीने म्हटले. २०२३ मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी २०२५ ते २०९५ दरम्यान कोसळण्याचा अंदाज दिला, पण तो पृष्ठभागाच्या तापमानाच्या नोंदींवरून आडवळणाने काढलेला होता आणि त्यावर रास्त आक्षेप आले. २०२४ मध्ये ४४ शास्त्रज्ञांनी उत्तर युरोपातील सरकारांना पत्र लिहून धोका कमी लेखला जात असल्याचा इशारा दिला. उलट २०२५ मधील हवामानाच्या ३४ संगणकीय प्रारूपांच्या अभ्यासात, दक्षिण महासागरावरील वाऱ्यांमुळे प्रवाह कमजोर होऊनही तग धरतो असे दिसले. म्हणजे पुढे तो कमजोर होईल यावर दोन्ही बाजू बऱ्याच सहमत आहेत. भांडण आहे ते कोसळण्याचे आणि त्याच्या तारखेचे. बातम्यांत नेमकी तारीखच तेवढी ठळक छापली जाते.

आपला संबंध पावसातून येतो. प्रवाह मंदावून उत्तर गोलार्ध थंडावला की पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. सुमारे १२ हजार ९०० वर्षांपूर्वी हा प्रवाह मंदावला त्या काळात आपला मोसमी पाऊसही क्षीण झाल्याच्या खुणा मेघालयातील मावम्लूह गुहेत साचलेल्या चुन्याच्या थरांत सापडतात. तरीही मे अखेरीस पूर्वहंगामी कपाशी लावायची की मृगाची वाट पाहायची, हे ठरवताना अटलांटिककडे बघण्याचे कारण नाही. तिथे एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याची स्थिती, पाहावी. १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट आपण २०२३ मध्ये पाहिला, तो एल निनोच्याच वर्षी. अटलांटिकचा हिशेब मागायचा असेल, तर तो तापीच्या महापुनर्भरणासारख्या (तापीच्या पाण्याने भूजल भरून काढण्याच्या), पुढची अनेक दशके वापरायच्या योजनांचे आराखडे करणाऱ्यांकडे मागावा.