चौथ्या गिअरमध्ये लपलेला पाचवा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या फोंड्याच्या गॅरेजात एक पिकअप गाडी आली. तिच्यासोबत आलेल्या कागदांत अन्य ठिकाणच्या दुरुस्त्यांची बरीच बिले होती: क्लच प्लेट दोनदा बदललेली, इंजेक्टर साफ केलेले, एअर फिल्टर नवा, डिझेल पंपाची तपासणी झालेली. एवढा खर्च होऊनही तक्रार कायम होती. मडगावहून बर्फातली मासळी घेऊन अनमोड घाट चढायचा आणि येताना बेळगावहून भाजी आणायची, हा त्या गाडीचा नेहमीचा धंदा. ड्रायव्हरचे म्हणणे एका वाक्याचे होते: "मेस्त्री, पाचव्यात टाकली की गाडी बसते, आणि घाटात तर चौथासुद्धा ओढत नाही."

मालकाची तक्रार वेगळी होती. गाडी सेकंडहँड घेतल्यापासून अ‍ॅव्हरेज मिळत नाही, असे ते सांगत होते. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्याकडे आधीच्या कोणाचे लक्ष गेले नसावे: बेळगावची फेरी मीटरवर नेहमी कमी भरते. इंजिन खरोखरच जास्त डिझेल पीत असते, तर मीटरवरचे अंतर कमी होण्याचे कारण नव्हते. म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी आम्ही गाडी पणजी-बेळगाव महामार्गावर नेली. धारबांदोड्याच्या पुढे मोल्याच्या दिशेने किलोमीटरचे दगड मोजत गेलो, तेव्हा दगडांच्या हिशेबाने १० किलोमीटर झाले त्या वेळी मीटरवर जेमतेम ८ आले होते. या गाडीत स्पीडोमीटरची चाल गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरून घेतलेली आहे. तो शाफ्ट अपेक्षेपेक्षा कमी फिरत असूनही गाडी पूर्ण अंतर कापत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे डिफरेन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांना चाल वाटून देणाऱ्या गिअरांच्या पेटीत) किंवा टायरमध्ये असला पाहिजे. टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच होते.

गॅरेजात परतल्यावर आम्ही गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, पुढची चाके सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावली आणि मागचे फक्त एक चाक उचलून स्टँडवर घेतले. गिअरबॉक्सपासून डिफरेन्शियलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूने खुणा केल्या. दुसरे चाक जमिनीवर अडकलेले असते तेव्हा डिफरेन्शियलमुळे उचललेले चाक क्राऊनच्या, म्हणजे आतल्या मोठ्या गिअरच्या, दुप्पट फिरते, म्हणून त्या चाकाचे पूर्ण दोन फेरे द्यायचे आणि तेवढ्यात शाफ्टचे किती होतात ते पाहायचे. मॅन्युअलप्रमाणे या गाडीला ४१ दातांचा क्राऊन आणि त्याला फिरवणारा ८ दातांचा छोटा पिनियन, म्हणजे ५.१२५ चे प्रमाण हवे होते, तेव्हा शाफ्टचे पाच फेरे आणि वर एक अष्टमांश व्हायला हवा होता. प्रत्यक्षात चार फेरे पूर्ण होऊन खूण थोडीशी पुढे सरकली आणि थांबली. हौसिंग उघडले तेव्हा आत ३७ आणि ९ दातांची जोडी होती, म्हणजे ४.११. मागच्या मालकाच्या काळात डिफरेन्शियलचा आवाज येत असताना कोणीतरी भंगारातून हलक्या गाडीचा आख्खा संच आणून बसवला असावा. बोल्ट जुळले, म्हणून गाडी जुळली असे धरले गेले.

४.११ ला ५.१२५ ने भागले तर सुमारे ०.८० येते. मीटर दहाच्या जागी आठ का दाखवत होते, ते या एका आकड्यात आले, आणि अ‍ॅव्हरेजच्या तक्रारीचा मोठा भागही त्यातच निघाला, कारण मालक खऱ्या डिझेलला खोट्या किलोमीटरने भागत होते.

ओढीचा प्रश्न मात्र खरा होता. चाकाला मिळणारा पीळ (फिरवण्याचा जोर, टॉर्क) म्हणजे इंजिनाचा पीळ गुणिले गिअरचे प्रमाण गुणिले क्राऊन-पिनियनचे प्रमाण. यातला शेवटचा गुणक घटला की प्रत्येक गिअरमधली ओढ तेवढ्याच हिश्शाने घटते, येथे जवळजवळ पंचमांशाने. पहिल्या गिअरचीही ओढ अशी घटल्यामुळे भरलेली गाडी चढावर उठवताना ड्रायव्हरला क्लच घसरवत ठेवावा लागे. दोन क्लच प्लेटा तिथेच जळल्या, आणि प्लेटच्या दर्जाला उगाच दोष लागला.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटला तो चौथ्या आणि पाचव्या गिअरचा हिशेब. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट आहे, १ ला १. त्यात इनपुट शाफ्ट आणि मुख्य शाफ्ट एकमेकांत अडकतात आणि दोन्ही सारखेच फिरतात. पाचवा आहे ओव्हरड्राइव्ह, ०.७८. म्हणजे इंजिनाचे ७८ फेरे झाले की मागच्या शाफ्टचे १०० होतात. कंपनीच्या जुळणीत पाचव्या गिअरचे एकूण प्रमाण ०.७८ गुणिले ५.१२५, म्हणजे ४.०० येते. चुकीच्या संचाबरोबर चौथ्याचे एकूण प्रमाण ४.११ झाले होते. ड्रायव्हर चौथ्यात घाट चढतो आहे असे समजत होता, तेव्हा गाडी प्रत्यक्षात जवळजवळ ओव्हरड्राइव्हमध्येच चढत होती, आणि त्याच्या पाचव्याला तर मूळ गिअरबॉक्समध्ये जागाच नव्हती. आम्ही टायरचा घेर जमिनीवर मोजला तो २.२ मीटर भरला. त्यावरून ताशी ६० किलोमीटरला पाचव्यात इंजिनाचे मिनिटाला सुमारे १८२० फेरे व्हायला हवे होते, ते १४६० च्या आसपास होत होते. तेवढ्या कमी फेऱ्यांवर टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब नीट तयार होत नाही. पेडल दाबले तरी इंजिन घुसमटते.

ओव्हरड्राइव्हविषयी आपल्याकडे एक गैरसमज फार पक्का आहे, की वरचा गिअर म्हणजे जास्त ताकद. गिअर ताकद निर्माण करत नाही, तो फक्त वेग आणि पीळ यांची अदलाबदल करतो. ओव्हरड्राइव्हमध्ये पीळ आणखी घटतो, आणि त्याच्या बदल्यात सपाटीवर इंजिन सावकाश फिरते, आवाज कमी होतो, इंजिनातले घर्षण घटते, डिझेल वाचते. त्याचे काम एवढेच आहे, पण लांब पल्ल्यावर ते मोलाचे आहे. पूर्वी ही सोय गिअरबॉक्सच्या मागे वेगळा भाग जोडून करत. इंग्लंडमधला लेकॉक-द नॉर्मनव्हिल हा ग्रहमालिकेच्या गिअरचा संच त्यासाठी प्रसिद्ध होता. गोव्याच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतल्या जुन्या चार गिअरच्या अ‍ॅम्बेसेडरना तसे काही नव्हते. त्यांचा टॉप थेट १ ला १ होता, आणि वेग वाढला की इंजिनाचा घोष का वाढतो हे त्या चालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

मालकांनी ४१-८ चा नवा संच आणवला. पिनियनची उंची आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून जुळवला, क्राऊनच्या दातांना रंग लावून ठसा मध्यावर येतो की नाही ते पाहिले आणि मगच हौसिंग बंद केले. त्याच दगडांवरून पुन्हा गेलो, तेव्हा मीटर बरोबर आले. माल भरून ड्रायव्हर अनमोड चढला, तोही तिसऱ्या आणि चौथ्यात, आणि क्लचचा वास न येता. त्याला मी एवढेच सांगितले, की पाचवा खानापूरच्या पुढे सपाटी लागल्यावर, इंजिन मोकळे वाटू लागले की टाकायचा, आणि पेडल तळाला न्यावे लागले की लगेच चौथ्यात यायचे.

काढलेल्या संचात दोष नव्हता. पणजी-म्हापशाच्या रस्त्यावर हलका माल वाहणाऱ्या, मूळ तोच संच असलेल्या गाडीला तो योग्यच आहे. मालकांनी तो विकायला काढला तेव्हा मी त्यावर पांढऱ्या रंगाने ३७/९ असे ठळक लिहून दिले.